'विज्ञान'चे 'फोकू' कसे झाले?

गेल्या पावसाळ्यात मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत प्रकाशाविषयी बोलायला मी गेले होते. व्याख्यान झाल्यावर नेहमीप्रमाणे टिपणाच्या छापील प्रती वाटल्या. मुले प्रती घेऊन पांगली. नववीतली एक मुलगी मात्र जागेवरच बसून राहिली. तिला दिसत नाही हे तिच्या वर्गशिक्षिकांनी मला आधीच सांगितले होते. मी ते ऐकले होते, पण त्याप्रमाणे काही तयारी केली नव्हती.

"मॅडम, मला कागद नको. फाइल द्या," ती म्हणाली. "लॅपटॉप मला वाचून दाखवतो."

मी पेनड्राइव्ह दिला. तिने सराईतपणे चारदोन कळा दाबून फाइल उघडली आणि लॅपटॉप बोलू लागला. पहिलाच शब्द ऐकू आला तो 'फोकू'! पुढेही तसेच अगम्य उच्चार. "मॅडम, हे इंग्रजी आहे का?" तिने विचारले. मी पडद्याकडे पाहिले. तिथे स्वच्छ मराठीत 'विज्ञान आणि प्रकाश' असे शीर्षक दिसत होते. मला 'विज्ञान' दिसत होते आणि तिला 'फोकू' ऐकू येत होते. दोघींची फाइल एकच होती!

हा चमत्कार कसा झाला, याचा छडा लावताना मला बरेच काही शिकायला मिळाले. आपण सर्वच शिक्षक आता टिपणे, प्रश्नपत्रिका, सूचनापत्रे संगणकावर लिहितो. त्यामुळे हा छडा आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

पडदा न पाहणारा वाचक

प्रथम हा बोलणारा संगणक काय करतो ते पाहू. त्यासाठी लागणाऱ्या प्रणालीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. आपण तिला 'पडदावाचक' म्हणू. मात्र हे नाव थोडे फसवे आहे, कारण पडदावाचक आपल्यासारखा पडद्यावरच्या आकृत्यांकडे पाहत नाही. तो वर्डसारख्या लेखनप्रणालीला विचारतो, "वापरणारा आत्ता ज्या ठिकाणी आहे, तिथे काय साठवले आहे?" उत्तर मिळते ते अक्षरांच्या क्रमांकांच्या रूपात. शिवाय 'हा मथळा आहे', 'हा तक्त्याचा दुसरा स्तंभ आहे', 'इथे चित्र आहे' अशी माहितीही मिळते, अर्थात ती फाइलमध्ये साठवलेली असेल तर! हा मजकूर मग आवाज निर्माण करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीकडे जातो. ती अक्षरांवरून उच्चार ठरवते आणि ध्वनी तयार करते.

असे पडदावाचक अनेक आहेत. 'जॉज' हा जुना आणि प्रसिद्ध, पण महाग. त्या मुलीच्या लॅपटॉपवर होता तो 'एनव्हीडीए'. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. पुढे जेम्स तेह हा मित्र त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन. पडदावाचक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनाही संगणक वापरता यावा, म्हणून त्यांनी तो विनामूल्य ठेवला. आज जगभर तो वापरला जातो आणि 'ईस्पीक' या मुक्त आवाजप्रणालीच्या मदतीने मराठीही वाचतो.

त्याचे मराठी आपल्यासारखे नसते. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च आपण निरनिराळे उच्चारतो, पण लिहितो सारखेच. यंत्र तिथे अडखळते. पण सरावलेल्या कानांना याचे काही वाटत नाही. अशी मुले आपल्या बोलण्याच्या कितीतरी पट वेगाने ऐकून समजतात. म्हणजे दोष यंत्राच्या उच्चारात नव्हता. त्याला वाचायला जे मिळाले, त्यातच होता.

दिसते एक, साठते दुसरे

संगणक अक्षर ओळखत नाही; त्याला फक्त संख्या कळतात. कोणते अक्षर म्हणजे कोणती संख्या, हे माणसांनी ठरवून द्यावे लागते. इंग्रजीपुरता हा करार १९६० च्या दशकात झाला. त्यात मोठ्या 'ए'ला ६५ हा क्रमांक मिळाला. देवनागरीचे काय?

या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम आधी कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने तयार झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान हे त्यातले ठळक नाव. भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचे राष्ट्रीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यातली मूळ कल्पना मोठी सुंदर आहे: अक्षराचा आकार साठवायचा नाही, त्याचा वर्ण साठवायचा, आणि तोही उच्चाराच्या क्रमाने. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड' या कराराची पहिली आवृत्ती निघाली. त्यातली देवनागरीची मांडणी याच भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक देवनागरीसाठी आहेत.

पण करार झाला म्हणून तो लगेच सगळीकडे लागू झाला नाही. विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी आली ती २००० साली. तोपर्यंत वर्तमानपत्रे, पुस्तके, निमंत्रणपत्रिका यांची छपाई थांबणार थोडीच! तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. संगणकाला इंग्रजी अक्षरेच कळतात ना? मग त्या अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवायच्या. कळ दाबायची इंग्रजी 'ई'ची, संगणक साठवणार 'ई'च, पण पडद्यावर आणि कागदावर उमटणार 'म'. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा नावांच्या फाँटांनी अनेक वर्षे मराठी छपाई सांभाळली, ती याच युक्तीवर. त्यांनी केलेले काम मोठे आहे. कागदावर छापणे एवढाच हेतू असेल, तर या युक्तीत काही चूकही नाही.

माझे टिपण एका टंकलेखकाने पूर्वी कधीतरी कृतिदेवमध्ये करून दिलेले होते. मी दर वर्षी ते छापत होते. आता त्यातला 'विज्ञान' हा शब्द उघडून पाहू. कृतिदेव ०१० या फाँटात ऱ्हस्व वेलांटी 'एफ'च्या जागी बसवली आहे, 'व' हा 'ओ'च्या जागी, 'ज्ञ' मोठ्या 'के'च्या जागी, काना छोट्या 'के'च्या जागी आणि 'न' हा 'यू'च्या जागी. फाइलमध्ये साठलेले क्रमांक असे:

१०२, १११, ७५, १०७, ११७

म्हणजे एफ, ओ, के, के, यू. पडदावाचकाने ते इमानेइतबारे वाचले – 'फोकू'! 'मराठी' हा शब्द असता तर ई, जे, के, बी, एच असे काहीतरी ऐकू आले असते.

हाच शब्द युनिकोडमध्ये लिहिला तर:

व २३५७, वेलांटी २३६७, ज २३३२, हलन्त २३८१, ञ २३३४, काना २३६६, न २३४४

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, 'ज्ञ' ही आकृती न साठवता ज, हलन्त आणि ञ असे तिचे घटक साठवले आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कृतिदेवमध्ये वेलांटी 'व'च्या आधी आली, कारण कागदावर ती डाव्या बाजूला दिसते. युनिकोडमध्ये ती 'व'च्या नंतर आली, कारण तोंडाने आपण आधी 'व्' म्हणतो आणि मग 'इ'. रफाराचेही तसेच. 'सूर्य' लिहिताना रफार आपण शेवटी देतो, पण उच्चारात 'र्' हा 'य'च्या आधी येतो, आणि युनिकोड त्याच क्रमाने साठवतो. जुना फाँट डोळ्यांचा क्रम पाळतो, युनिकोड जिभेचा. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला हवा असतो जिभेचा क्रम.

तपासायचे कसे?

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. थोडा मजकूर निवडा आणि त्याचा फाँट बदलून 'मंगल' किंवा 'निर्मला' करा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोडमध्ये आहे. त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे झाली तर तो जुन्या फाँटातला आहे. ('मंगल' हा फाँट मुंबईचे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवला.)

जुन्या फायली टाकून द्यायची गरज नाही. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणाऱ्या प्रणाली मिळतात. मात्र प्रत्येक फाँटाची आकृत्या बसवण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून त्या त्या फाँटाचे रूपांतरक वापरावे लागते. आणखी एक सावधगिरी हवी. मजकुरात मधे मधे खरे इंग्रजी शब्द असतील, तर रूपांतरक त्यांनाही 'मराठी' करून टाकतो! त्यामुळे रूपांतरानंतर फाइल एकदा वाचून काढायला हवी.

युनिकोडमध्ये लिहितानाही डोळ्यांना फसवणाऱ्या सवयी राहतात. 'अ'ला काना जोडून 'आ' करणे, अपूर्णविरामाऐवजी विसर्ग देणे, या त्यातल्या नेहमीच्या. कागदावर फरक कळत नाही, पण साठलेले क्रमांक वेगळे असतात. 'उदा' पुढे विसर्ग दिला, की यंत्र 'उदाह' म्हणू शकते.

आणि टिपण कागदावरून फोटो काढून फोनवर पाठवले तर? मग त्यात एकही अक्षर साठलेले नसते. असतात ते केवळ रंगाचे ठिपके. चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली मराठीसाठीही आहेत, पण फोटो तिरका किंवा पुसट असेल तर त्या चुका करतात. मूळ फाइल आपल्याजवळ असताना तिचा फोटो पाठवणे म्हणजे उघडे दार बंद करून खिडकीतून यायला सांगण्यासारखे आहे.

जाड अक्षर म्हणजे मथळा नव्हे

मी टिपण युनिकोडमध्ये करून आठवड्याने पुन्हा पाठवले. आता काम फत्ते, अशी माझी समजूत! चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "मॅडम, वाचता येतंय. पण भिंगाची माहिती कुठे आहे ते सापडत नाही. दर वेळी पहिल्यापासून ऐकावं लागतं."

टिपण नऊ पानांचे होते. आपण नऊ पाने चाळताना काय करतो? मोठी, जाड अक्षरे पाहत जातो आणि हवा तो मथळा दिसला की थांबतो. मी मथळे जाड आणि मोठे केलेच होते. पण 'जाड' आणि 'मोठे' हे डोळ्यांसाठीचे संकेत आहेत. फाइलमध्ये 'हा मथळा आहे' असे मी कुठेच सांगितले नव्हते.

ते सांगायची सोय वर्डमध्ये आणि विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही आहे. 'स्टाइल्स' या विभागात 'हेडिंग १', 'हेडिंग २' असे नमुने असतात. मथळ्याच्या ओळीवर जाऊन त्यातला योग्य नमुना निवडायचा, एवढेच. वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि १ या कळा एकदम दाबल्या तरी हेडिंग १ लागते. प्रकरणाला १, त्यातल्या भागांना २, पोटभागांना ३ अशी उतरंड ठेवावी. मधली पायरी गाळू नये. असे केले, की एनव्हीडीएच्या वाचन-पद्धतीत 'एच' ही एक कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. इन्सर्ट आणि एफ-७ या कळांनी सर्व मथळ्यांची यादीही समोर येते. आपण पाने चाळतो तेच काम इथे कान आणि बोटे करतात.

याचा फायदा आपल्यालाही होतो. मथळे असे दिलेले असतील तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि मथळ्यांचे रूप बदलायचे झाल्यास एका ठिकाणी बदलून भागते.

याच जातीच्या आणखी काही सवयी आहेत. नवे पान सुरू करायला आपण एंटर कळ वीस वेळा दाबतो. पडदावाचक ओळीओळीने जाताना वीस वेळा 'रिकामी' म्हणतो. त्याऐवजी कंट्रोल आणि एंटर दाबून पान तोडावे. प्रश्नपत्रिकेत 'लाल अक्षरांतले प्रश्न सोडवा' असे असते. रंगासोबत 'अनिवार्य' असा शब्दही लिहावा. 'गाळलेल्या जागा भरा' यात आपण अधोरेषा मारतो. पडदावाचकाच्या मांडणीनुसार ती एकतर अजिबात ऐकू येत नाही किंवा 'अधोरेषा, अधोरेषा' असा जप सुरू होतो. तिथे कंसात 'रिकामी जागा' असे दोन शब्द लिहिले, की काम होते.

'जोड्या लावा' हा प्रश्न तर हमखास बिघडतो. आपण 'अ' गटातला शब्द लिहून स्पेसबार दाबत सरकतो आणि 'ब' गटातला शब्द लिहितो. दिसायला दोन स्तंभ, पण साठवलेली ओळ एकच: 'न्यूटन ज्यूल बल कार्य'. कोणते कशात, काही कळत नाही. 'इन्सर्ट टेबल' करून खरा तक्ता केला आणि वरची ओळ शीर्षकाची म्हणून नेमली, तर पडदावाचक 'ओळ २, स्तंभ १' असे सांगतो, आणि एकाच स्तंभात खाली-वर फिरताही येते. तक्त्यातले चौकोन शक्यतो एकमेकांत जोडू नयेत. त्यामुळे ओळी-स्तंभांचा हिशेब चुकतो.

ध्वनीपेक्षा हळू प्रकाश

विज्ञान शिकवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यायला हवे. त्या मुलीने माझ्या टिपणावरून स्वाध्याय करून पाठवला. त्यात लिहिले होते, 'प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ गुणिले १०८ मीटर'. गुणाकार करा: ३२४! हवेतला ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. म्हणजे प्रकाश ध्वनीपेक्षाही हळू धावू लागला.

चूक तिची नव्हती. मी 'दहाचा आठवा घात' लिहिताना ८ हा आकडा निवडून तो फक्त वर उचलला होता. साठवलेले होते १, ०, ८. 'वर उचललेला' ही दिसण्याची बाब आहे आणि पडदावाचक ती पुष्कळदा सांगत नाही. चौरस सेंटिमीटर, घनमीटर, बीजगणितातले वर्ग – सगळीकडे हाच धोका. परीक्षेच्या कागदावर अशा एका आकड्यामुळे गुण जातात, आणि तपासणाऱ्याला वाटते की मुलीला विषयच समजलेला नाही.

यावर दोन उपाय आहेत. सूत्र छोटे असेल तर शेजारी शब्दांत लिहावे: 'दहाचा आठवा घात'. मोठी सूत्रे लेखनप्रणालीतल्या समीकरणाच्या साधनाने लिहावीत. मग त्यातला अंश, छेद, घात, वर्गमूळ हे सारे अर्थासह साठवले जाते आणि योग्य पूरक साधन असेल तर पडदावाचक ते नीट वाचतो. सूत्राचे चित्र करून चिकटवणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग.

चित्राला शब्द द्या

आता चित्रांकडे वळू. चित्र आले की पडदावाचक 'ग्राफिक' असे म्हणून पुढे जातो, कारण चित्रात वाचण्यासारखे काही साठवलेले नसते. यासाठी प्रत्येक चित्राला जोडून वर्णन लिहायची सोय आहे. चित्रावर उजवी कळ दाबली, की 'आल्ट टेक्स्ट' हा पर्याय दिसतो. अलीकडे चित्राचे आपोआप वर्णन करणाऱ्या सुविधाही निघाल्या आहेत. पण चित्र तुम्ही धड्यात का घातले, हे त्यांना कसे कळणार?

वर्णन कसे असावे? समजा, मुळशीतल्या मुलांसाठी तुम्ही पावसाचा आलेख काढला आहे – ताम्हिणी, पौड आणि पुणे. 'आलेख' किंवा 'चित्र १' हे वर्णन नव्हे. 'निळ्या रंगाचे तीन स्तंभ' हेही नव्हे. रंगाला इथे काही महत्त्व नाही. 'पावसाचा स्तंभालेख. घाटमाथ्यावरच्या ताम्हिणीचा स्तंभ सर्वांत उंच, पौडचा त्याहून लहान, पुण्याचा सर्वांत लहान' – हे झाले वर्णन. आलेख ज्यासाठी काढला तो मुद्दा, म्हणजे सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, हा त्यातून पोहोचतो. आकडे महत्त्वाचे असतील तर आलेखाखाली छोटा तक्ता द्यावा.

प्रश्नपत्रिकेत मात्र तारतम्य हवे. 'आकृतीतले भिंग ओळखा' असा प्रश्न असेल आणि वर्णनात 'बहिर्वक्र भिंगाची आकृती' असे लिहिले, तर उत्तरच फुटले! तिथे 'मध्यभागी जाड आणि कडांना पातळ असलेल्या भिंगाची आकृती' असे लिहावे. म्हणजे डोळस मुलाला आकृतीतून जेवढे मिळते, तेवढेच हिलाही मिळते.

चित्र पानावर सुटे तरंगत ठेवले तर वाचनाच्या ओघात ते नेमके कुठे येईल याचा भरवसा नसतो. ते 'इन लाइन विथ टेक्स्ट', म्हणजे मजकुराच्या ओळीत ठेवावे. आणि फाइल पीडीएफ करायची असेल तर 'प्रिंट'मधून न करता 'सेव्ह अॅज'मधून करावी आणि तिथे रचनेच्या खुणा ठेवण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर मथळे आणि तक्ते यांवर घेतलेली मेहनत वाया जाते.

एका फाइलीचे अनेक वाचक

नीट केलेल्या फाइलीचा उपयोग आवाजापुरता राहत नाही. ब्रेल लिपीत सहा ठिपक्यांच्या ६३ रचना होतात. आपल्या देशातल्या सर्व भाषांसाठी त्यांचा समान वापर ठरवणारी 'भारती ब्रेल' १९५१ साली स्वीकारली गेली. युनिकोडमधला मराठी मजकूर संगणक भारती ब्रेलमध्ये बदलू शकतो. मग तो कागदावर उठवता येतो किंवा ठिपके वर-खाली करणाऱ्या पट्टीवर बोटांनी वाचता येतो. म्हणजे एकाच फाइलीतून छापील प्रत, आवाज आणि ब्रेल असे तिन्ही निघतात. जुन्या फाँटातल्या फाइलीतून निघते ती फक्त छापील प्रत.

कायदाही आता या बाजूने आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन, दिव्यांग वाचकांसाठी पुस्तके त्यांना वाचता येतील अशा रूपात आणण्याची मोकळीक मिळाली. याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये अशा पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती वाचता येण्याजोग्या रूपात असणे हा हक्क मानला. पण पुस्तकालयात पुस्तके येतील. रविवारी रात्री आपण केलेले सोमवारचे टिपण तिथे कसे येणार? ते आपणच नीट करायला हवे. मुळशी तालुक्यातच हिंजवडी आहे. जगभरच्या लोकांसाठी तिथे संगणकप्रणाली लिहिल्या जातात. त्याच तालुक्यातल्या शाळेतल्या मुलीला आपले टिपण वाचता येऊ नये, यात तंत्रज्ञानाची अडचण नाही. आपल्या सवयीची आहे.

करून पाहा

१. वर्गात एका विद्यार्थ्याला पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला सांगा. मथळा, जाड अक्षर, तक्ता यांविषयी त्याने काहीच सांगायचे नाही, फक्त शब्द वाचायचे. इतरांनी पुस्तक मिटून, ऐकून त्या पानाचा आराखडा काढायचा. मग आराखडा मूळ पानाशी ताडून पाहा. डोळे न मागता किती माहिती देतात, ते मुलांच्या लगेच लक्षात येईल.

२. शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए बसवा. तुमचीच एखादी प्रश्नपत्रिका उघडा, पडदा कापडाने झाका आणि माऊसला हात न लावता तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचून दाखवा. वर्डमधल्या 'रिव्ह्यू' भागात 'चेक अॅक्सेसिबिलिटी' नावाची तपासणीही आहे. वर्णन नसलेली चित्रे, शीर्षक नसलेले तक्ते ती दाखवून देते. पण जुना फाँट किंवा चुकीचे वर्णन तिला पकडता येत नाही. त्यासाठी कानच लागतात.

३. मुलांना एकेक आकृती देऊन तिचे दोन वाक्यांत वर्णन लिहायला सांगा. दुसऱ्या मुलाने ते वर्णन वाचून आकृती काढायची. आकृती समजली आहे की नाही, हे तपासण्याची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

माझे टिपण तिसऱ्या खेपेला एकदाचे दुरुस्त झाले. त्यानंतर आठवडाभराने त्या मुलीने पुन्हा फोन केला. "मॅडम, दुसऱ्या मथळ्याखाली ध्वनीचा वेग ३३१ दिलाय आणि पाचव्याखाली ३४३. बरोबर कोणता?" दोन्ही बरोबर होते, पहिला शून्य अंश सेल्सियसचा आणि दुसरा वीस अंशांचा. पण तापमान लिहायचे मी विसरले होते. इतक्या वर्षांत इतक्या मुलांनी ते टिपण नेले, पण हे कोणी विचारले नव्हते. पुढे-मागे जाऊन, दोन जागा ताडून पाहत तिने ते स्वतः वाचले, म्हणून तिला हा प्रश्न पडला. आता टिपणात दोन्ही ठिकाणी तापमान लिहिले आहे.